तत्त्वाची बादली

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की पेला अर्धा टाकून उठायचं. (पुढचं सगळं आपोआप होत गेलं.)

'हिरवा खेकडा' हा आमच्या गावातला बिअरचा अड्डा. गाव बिअरसाठी जगभर नावाजलेल्या झेक शहरापासून, प्लझेनपासून, रेल्वेने अर्ध्या तासावर. त्यामुळे इथलं मूल आधी 'आई' म्हणायला शिकतं आणि लगेच बिअरला नावं ठेवायला. खेकड्यात शेगडीजवळच्या टेबलावर आम्ही तिघं रोज संध्याकाळी बसायचो : इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले हिनेककाका, न्हावी राडिम आणि मी, विट. मी नगरपालिकेच्या पर्यावरण खात्यात कारकून आहे. पदवी तत्त्वज्ञानातली. पण आमच्याकडे कुठल्याही शिकलेल्या माणसाला थट्टेने इंजिनिअर म्हणतात, म्हणून मी इंजिनिअर.

त्या हिवाळ्यात गावचा जुना बिअरचा कारखाना एका परदेशी कंपनीने विकत घेतला. चव बदलली नव्हती. (हे मी तेव्हा मेलो तरी कबूल केलं नसतं.) पण चव हा मुद्दाच नव्हता. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो.

"ज्या बिअरचा मालक मला रस्त्यात भेटू शकत नाही, ती बिअर मी पिणार नाही," मी म्हणालो.

"जुना मालक रोज भेटायचा तुला," हिनेककाका म्हणाले. "एकदा तरी बोललास का त्याच्याशी?"

"प्रश्न तो नाही, काका."

"बरं, नसेल. खाली बस. तू उभा राहिलास की वारा लागतो."

"आपण गिळतोय, काका. पिढ्यानपिढ्यांचं आपलं गिळतोय आणि ढेकर देतोय. आणि हा ओल्द्रिख, हाही त्यांना सामील आहे."

खेकड्याचा मालक ओल्द्रिख नळाशी उभा राहून फेस कापत होता. "मी फक्त नळ सोडतो, इंजिनिअरसाहेब," तो म्हणाला.

"मग माझी मी बनवीन. घरी. अस्सल लागर. मासोपुस्तच्या शनिवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. तेव्हा कळेल तुम्हाला."

"उपासाच्या आधीचा शनिवार तो," राडिम म्हणाला. "त्या दिवशी डुकराची मेजवानी असते इथे."

मी पेला तसाच ठेवला आणि बाहेर पडलो. मागे एकदम शांतता पसरली. मला वाटलं, हा भाषणाचा परिणाम. तो पेल्याचा होता. आमच्याकडे माणूस बायको टाकून जाईल, अर्धा पेला टाकून जात नाही.

पुढच्या आठवड्यात खोकं आलं. आत बार्लीच्या काकवीसारख्या दाट पाकाचा डबा, यीस्टची पुडी, एक मोठी बादली, तिच्या झाकणात खोचायची वाकडी नळी आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक पानावर लिहिलं होतं : धीर धरा. माझ्याकडे बाकी बरंच काही आहे, पण धीर नाही. क्रांतीसुद्धा मला दुपारच्या जेवणाआधी झालेली आवडते.

पाक गरम पाण्यात विरघळवला, बादली भरली, यीस्ट टाकलं. इथवर कुठलाही कारकून पोचेल. खरी मेख पुढे. इतर बिअरचं यीस्ट माणसासारखं उबेत सुखी असतं. लागरचं यीस्ट तळघरासारखी थंडी मागतं. आणि मी राहतो सिमेंटच्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिथे जानेवारीत लोक बनियनवर बसतात. मी खोल्या तापवणारे सगळे रेडिएटर बंद केले. खिडकी उघडली. बादली बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ठेवली आणि मी ओव्हरकोट चढवला. तो मासोपुस्तपर्यंत उतरला नाही.

दोन-तीन दिवसांनी बादली बोलायला लागली. झाकणातल्या नळीत पाणी असतं, त्यातून हवा सुटते आणि आवाज येतो : ब्लुप. मी ऑफिसातून आलो की तिला दिवसभराचं सांगायचो. नदीच्या प्रदूषणावरचा माझा अहवाल साहेबांनी पुन्हा परत पाठवला. ब्लुप. ते परदेशी लोक आता कारखान्याची चिमणीही पाडणार म्हणे. ब्लुप. इतकं एकमत माझं आयुष्यात कुणाशी झालं नव्हतं.

पण बादली काही आणून द्यायची नाही. आणि मला तर खेकड्याची सवय. तिथे पेला रिकामा झाला की ओल्द्रिख न विचारता दुसरा आणून ठेवतो. पुरे झालं, की आपण पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, म्हणजे तो थांबतो. घरी मी चहा संपवायचो आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचो. कुणी यायचं नाही. मग मी कपावर चकती ठेवायचो. निदान कुणी न येण्याला काही कारण असावं.

राडिमच्या दुकानात जायचं म्हणजे पुन्हा तीच माणसं. म्हणून केस वाढू दिले. मला हवं होतं ते एवढंच, की त्या शनिवारी हिनेककाका आणि राडिम माझ्या टेबलाशी बसतील, एक घोट घेतील आणि म्हणतील, बरी झालीय. 'उत्तम' नको होतं. आमच्याकडे कुणी म्हणतही नाही.

एके दिवशी दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरच्या लिबुशेबाई. पायांत मोज्यांचे दोन जोड आणि वर लोकरी चपला.

"विट, अरे तुझ्यामुळे माझी फरशी बर्फ झालीय. रेडिएटर बिघडलाय का?"

"नाही. मीच बंद केलाय."

"का?"

"तत्त्व म्हणून."

(बिअर म्हणायला हवं होतं. पण मग त्या विचारणार, खेकड्यात का नाही जात? मग पुन्हा ते भाषण पहिल्यापासून. त्या भाषणाचा एव्हाना मलाही कंटाळा आला होता.)

त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, मग केसांकडे, मग टेबलावरच्या चकती ठेवलेल्या कपाकडे.

"खेकड्यात दिसत नाहीस म्हणतात हल्ली."

"नाही जात."

"मुळीच?"

"मुळीच."

लिबुशेबाईंनी छातीवर हात ठेवला. आमच्या गावात माणूस खेकड्यात जायचा थांबतो तो एकतर डॉक्टरने सांगितलं म्हणून, नाहीतर जगण्यातला रस गेला म्हणून. तेवढ्यात आतून आवाज आला : ब्लुप.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, पण कसं काय कोण जाणे, ते अशा सुरात निघालं की बाईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दारात बटाट्याच्या सूपचं भांडं. मग तळमजल्यावरून खसखशीचे बन. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला. मी सगळं खाल्लं. (माझा विरोध कारखान्याला होता, सूपला नव्हता.)

मासोपुस्त जवळ आला तेव्हा माझं नाक पूर्ण बंद झालं होतं. इतके दिवस बर्फात झोपल्यावर दुसरं काय होणार? आणि बादली तर अजून सावकाश, आपल्या लयीत, ब्लुप. पुस्तिकेचं म्हणणं, अजून कित्येक आठवडे थंडीत पडून राहू द्या. पण शनिवार मी भर खेकड्यात जाहीर केला होता. शुक्रवारी माझा संयम (जो मुळात नव्हता) संपला. सगळे रेडिएटर पूर्ण सोडले, बादली रेडिएटरला टेकवली आणि लाकडी डावाने चांगली घुसळून वर रजई घातली.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की लागरचं यीस्ट काम करताना सडक्या अंड्यांचा वास सोडतं, थंडीत शांतपणे राहू दिल्यास तो हळूहळू निघून जातो, आणि बादली कृपया तापवू अगर घुसळू नये. मी शेवटच्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. आणि नाकाने राजीनामा दिलेला होता.

शनिवारी मी टेबल मांडलं. तीन पेले घासून चकचकीत केले. पावाच्या कापांवर बटाट्याचं सॅलड आणि हॅम रचलं. दोन मेणबत्त्या लावायला काढून ठेवल्या. ठरलेली वेळ झाली. ठरलेली वेळ गेली. हॅमच्या कडा वाळायला लागल्या. मी एक काप खाल्ला आणि उरलेले सरकवून नीट केले, म्हणजे आधीपासून कुणी खात बसलं होतं असं वाटू नये.

अखेर जिन्यात बूट वाजले. दोघांचे नाही, पाच-सहा जणांचे. काका खेकड्यातली सगळी मंडळी घेऊन आले तर. माझा ऊर इतका भरून आला की मी काडेपेटी हातात घेऊनच दार उघडलं.

दारात मुखवटा घातलेला अग्निशमन दलाचा माणूस होता.

मासोपुस्तला लोक सोंगं घेतातच. "या, या," मी म्हणालो. "बूट असू द्या." (आमच्याकडे याहून मोठा पाहुणचार नाही.)

"वास कुठून येतोय?" मुखवट्याने विचारलं.

"आला ना? इथूनच. माझाच उद्योग. बसा, मेणबत्त्या पेटवतो."

पुढच्या क्षणी मी जमिनीवर होतो. एक जण पाठीवर बसला होता आणि दुसरा माझ्या मुठीतून काडेपेटी सोडवत होता.

"शांत हो, बाळा," पाठीवरचा कानाशी म्हणाला. "बोलू आपण. मैत्रीण सोडून गेली का?"

"गेली. पण त्याला दोन वर्षं झाली."

"मग आता काय झालं?"

"कारखाना विकला."

"तुझा?"

"गावचा."

त्याने माझ्या पाठीवरचा भार जरा हलका केला. मग म्हणाला, "वरच्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, पोरगं आठवडेच्या आठवडे अंधारात कोट घालून बसलंय, आणि आता गॅसचा वास येतोय."

त्यांचा प्रमुख गॅस शोधायचं यंत्र घेऊन खोलीभर फिरला. यंत्र गप्प होतं. त्याने रजई काढली, झाकण उचललं, मुखवटा काढला आणि पुन्हा चढवला.

"काय आहे हे?"

"लागर," मी जमिनीवरून म्हणालो.

"गॅस असता तर नळ बंद करून गेलो असतो," तो म्हणाला. "याचं काय करू?"

खिडक्या सताड उघडा आणि घरात परतू नका, अशी तंबी मिळाली. इमारत आधीच रिकामी केली होती. मी विचारलं, सगळे आहेत कुठे? तो म्हणाला, "एवढ्या थंडीत कुठे जातील? खेकड्यात."

मी बाहेरून खिडकीतून पाहिलं. लिबुशेबाई गाऊनवर शेगडीशी बसल्या होत्या. तळमजल्यावरचं बनवालं कुटुंब होतं, हिनेककाका, राडिम, सगळे. ज्यांना बोलावलं होतं ते, ज्यांना नव्हतं तेही. काचेवर आतून वाफ होती, बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि मी माझ्या तत्त्वासोबत फुटपाथवर उभा होतो. आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. बहुधा माझ्यावरच. माझ्यावरचं हसू ऐकायलासुद्धा मी तिथे नसावं, हे मात्र मला सोसवेना. मी दार ढकललं.

"जिवंत आहे," लिबुशेबाई म्हणाल्या.

हिनेककाका बाकावर सरकले. "बस."

"तुम्ही आला नाहीत, काका."

"कुठे?"

"माझ्याकडे. आज बोलावलं होतं."

"घरी?" काकांनी राडिमकडे पाहिलं. "मला वाटलं तू रागात बोललास. कुणाच्या घरी कोण जातं रे? मी माझ्या घरीसुद्धा झोपण्यापुरताच जातो."

"इतके दिवस कुणी माझी साधी चौकशी केली नाही."

"केली की. रोज. राडिम म्हणाला, पोट बिघडलंय. ओल्द्रिख म्हणाला, देवाधर्माला लागला असेल."

"मला विचारायचं होतं."

"तू इथे कुठे होतास?"

ओल्द्रिखने न विचारता माझ्यापुढे पेला ठेवला. मी हात वर केला. आवाज घोगरा झाला होता. (सर्दी.) "नको. माझं मत अजून तेच आहे."

"पी मुकाट्याने. त्यांची नाहीये ही."

"म्हणजे?"

"त्यांचा माल बंद केला. तू तणतणत गेलास ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. आता शेजारच्या गावातल्या छोट्या कारखान्याची घेतो. मालक स्वतः पिंपं उतरवतो."

मी पेल्याकडे बघत राहिलो. म्हणजे मी कोटात झोपत होतो, बादलीशी बोलत होतो, तेव्हा लढाई जिंकून झाली होती. कुणीतरी ऐकलं होतं.

"ओल्द्रिख," मी म्हणालो, "म्हणजे माझं भाषण..."

"कसलं भाषण?" त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "त्यांची नवी गाडी फार लांब. आपल्या गल्लीत वळेना. दोनदा माझं दार घासलं. म्हटलं, नकोच."

मी उभा राहिलो. यावेळी वारा कुणाला लागला नाही. "त्या गाडीच्या नावाने," मी म्हणालो आणि पेला उचलला.

सगळ्यांनी उचलले. काकांनी, इमारतीतल्या सगळ्यांनी, दारातून नुकत्याच आलेल्या अग्निशमनवाल्यांनीसुद्धा. माझ्या भाषणाला गावात इतका प्रतिसाद त्याआधी कधीच मिळाला नव्हता. राडिमच्या मते, ते तीन शब्दांचं होतं म्हणून.