नागासेबाईंचा पहिला वर्ग

दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी एकही पाहुणा आला नव्हता. मिझुहो नागासेने ओट्यावरची भांडी तिसऱ्यांदा सारखी केली. चिरायच्या चार फळ्या, चार सुऱ्या, चार घडी घातलेले एप्रन. वाटीत फेटलेली अंडी, ताटलीत मीठ लावलेला बांगडा.

अठरा वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सहाशे मुलांचं जेवण केलं होतं. त्या सहाशेंतल्या एकानेही तिला कधी 'सेन्सेई' म्हटलं नव्हतं. सेन्सेई वर्गात शिकवायच्या, मिझुहो खाली भात शिजवायची. ती नोकरी सोडून, सहा महिने इंग्रजी घोकून तिने ओनोमिचीच्या पर्यटक केंद्रात नाव दिलं, की परदेशी पाहुण्यांना घरगुती स्वयंपाक शिकवीन. केंद्रातली मुलगी म्हणाली होती, "आधी एक वर्ग घेऊन दाखवा. पाहुण्यांनी चांगलं लिहिलं तर यादीत घालू." तो वर्ग आज होता.

पावणेअकराला तिने दार उघडून गल्लीत पाहिलं. दगडी पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत चिटपाखरू नव्हतं. एवढ्यात शेजारच्या हाताकेयामांच्या घरातून सुऱ्यांचा आवाज आला. एक नाही, तीन-चार सुऱ्या. आणि त्यात एक भरडा पुरुषी आवाज इंग्रजीत म्हणत होता, "असं का, सेन्सेई? असं?"

मिझुहोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही घरांचा क्रमांक एकच होता. डोंगरउतारावरची जुनी वस्ती. नवा टपालवाला आला की महिनाभर हाच घोळ व्हायचा. हाताकेयामांच्या दारात चार जोड बूट होते, त्यातला एक तर होडीएवढा.

अडचण अशी, की त्या दारात मिझुहोने अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. बाटली आणि झाकण वेगवेगळं टाकायचा तिथला नियम; एकदा तिने झाकण न काढता कचरा ठेवला होता, तेव्हा किनुए हाताकेयामांनी ती पिशवी परत तिच्या दारात आणून ठेवली होती, वर चिठ्ठी चिकटवून. त्यानंतर दोघींमध्ये फक्त मान झुकवणं उरलं होतं. दीड महिन्यापूर्वी किनुएबाईंचे यजमान तेइझो गेले, तेव्हाही मिझुहो देवळातच नमस्कार करून परतली होती.

तिने घंटी वाजवली. दार उघडलं ते स्वतः किनुएबाईंनी. अंगावर काळे कपडे, उजव्या मनगटाला बँडेज, डोळे सुजलेले.

"हाताकेयामाबाई, माफ करा हं. माझ्याकडे आज दहा वाजता चार परदेशी..."

"आलेत ना," किनुएबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांचे मित्र. ह्यांचं सगळं आयुष्य जहाजावर गेलं, बंदराबंदरात माणसं जोडलेली. आज त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी. बिचारे एवढ्या लांबून आले. आल्याआल्या फोटोसमोर बसले, नमस्कार केला, बिस्किटं ठेवली. आणि मग आपणहून बाह्या वर केल्या हो!"

मिझुहोची नजर त्यांच्या बँडेजकडे गेली.

"मी परवा पायऱ्यांवर घसरले," किनुएबाईंनी मनगट पुढे केलं. "लेक यायची होती, तर नातवाला ताप. एक वाजता बारा माणसं येणार, वर भिक्षू. हे जाताना सांगून गेलेत, 'माझ्या जेवणाला बाहेरचे डबे आणू नकोस.' आणि वन्सं येणारेत. त्सुनेकोवन्सं."

गल्लीला त्सुनेकोवन्सं माहीत होत्या. भावाच्या लग्नात त्यांनी नवरीच्या हातचं सूप चाखून नुसतं "हं" म्हटलं होतं. त्या "हं"ला आता एक्कावन्न वर्षं झाली होती.

मिझुहोने क्षणभर विचार केला. खरं सांगावं तर ह्या बाईच्या नवऱ्याचे जगभरचे मित्र एका वाक्यात नाहीसे होणार, आणि जेवणही. न सांगावं तर आपला वर्ग गेला.

"मी मदत करू का?" ती म्हणाली, आणि बूट काढून आत शिरली.

आत चार डच माणसं देवळातल्यासारखी गंभीर होऊन कामाला लागली होती. योरिस नावाचा सहा फुटांवरचा गृहस्थ तिळाचं तोफू ढवळत होता. ते घट्ट होईपर्यंत हात थांबवून चालत नाही, म्हणून तो घामाने निथळत होता. त्याची बायको मार्लेस सूप बघत होती, दोघं मित्र कमळकाकडी चिरत होते. किनुएबाई डाव्या हाताने दाखवत, हे चौघं तसं करत.

मिझुहो घसा साफ करून इंग्रजीत म्हणाली, "नमस्कार, मी मिझुहो, मी..."

योरिसने ओठांवर बोट ठेवलं. सेन्सेई दाखवत होत्या ना!

"मी शेजारची," मिझुहोने वाक्य पुरं केलं.

मग तिला वास आला. अठरा वर्षं ज्या नाकाने सहाशे जणांचं सूप पारखलं, ते नाक चुकणं शक्य नव्हतं. तिने पातेल्यात वाकून पाहिलं. सुक्या माशाचा कीस! मार्लेसने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की जपानी सूप त्याशिवाय होत नाही, आणि कपाटातली पिशवी शोधून तिने मूठभर आत टाकला होता. भिक्षूंच्या पानात मासा! किनुएबाईंना पत्ता नव्हता. रडून रडून त्यांचं नाक चोंदलेलं.

मिझुहोने एक शब्द न बोलता पातेलं उचललं आणि सगळं सूप मोरीत ओतलं.

"अहो!" मार्लेस किंचाळली. "सेन्सेईंचं सूप!"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मिझुहो घरी धावली, समुद्री शेवाळाच्या पट्ट्या आणि सुकी अळंबी घेऊन आली, नवं पाणी चढवलं. मग तिच्यातली शाळेची स्वयंपाकीण जागी झाली. "हे जाड चिरलंय, पुन्हा चिरा. ढवळा, थांबू नका! तुम्ही भात वाढा. झाकण!" चौघं तिच्याकडे बघत, मग किनुएबाईंकडे बघत. किनुएबाई शांतपणे मान हलवत.

एकला पाच कमी असताना शेवटची वाटी भरली आणि त्सुनेकोवन्सं आल्या. ऐंशी वर्षांच्या, ताठ. चार गोऱ्या माणसांना गुडघ्यांवर बसलेलं पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे कोण?"

"तेइझोसानांचे मित्र," किनुएबाई म्हणाल्या.

"कुठले?"

मिझुहोने योरिसला विचारलं, तुम्ही कुठले? "रॉटरडॅम," तो अदबीने म्हणाला.

"रॉटरडॅम!" वन्सं पुढे वाकल्या. "तिथून यायची त्याची पत्रं."

भिक्षू आले, चाळीस मिनिटं मंत्र चालले. मग एकेकाने धुपाची चिमूट वाहायची. योरिसची पाळी आली. तो मोठ्या निश्चयाने उठला, पण त्याचे पाय केव्हाच बधिर झाले होते. दोन पावलं गेला आणि फोटोसमोर पालथा पडला, हात पुढे पसरून, नाक चटईला टेकवून.

"पायात जीवच नाही हो," तो चटईतून पुटपुटला.

"काय म्हणतात ते?" वन्संनी विचारलं.

"म्हणतात, शब्द सुचत नाहीत," मिझुहो म्हणाली.

वन्संनी रुमाल डोळ्यांना लावला. "आमच्यातला एकजण तरी असा पडला का?" त्या नातेवाईकांकडे बघून म्हणाल्या. पुतण्यांनी माना खाली घातल्या. मग जेवणं झाली. वन्संनी सूप चाखलं, वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि संपवली. "हं" म्हणाल्या नाहीत. किनुएबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

निघताना चौघांनी किनुएबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. "सेन्सेई, आभारी आहोत." मिझुहोला त्यांनी तुटकपणे मान लववली. ती घरी आली आणि बांगडा मांजरांना घातला.

चौथ्या दिवशी केंद्रातून फोन आला. "नागासेबाई, अभिनंदन! असं कुणी कधी लिहिलं नव्हतं. नाव यादीत घातलंय. लिहिलेलं पाठवते, तेवढं एक बघा मात्र."

मिझुहो ते तिसऱ्यांदा वाचत होती, तेव्हा दारात किनुएबाई उभ्या. हातात चहाचा डबा.

"आत येऊ का?" त्या बसल्या. चहा झाला. मग चटईकडे बघत म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. मला माहीत होतं."

"काय?"

"ते तुमचे होते ते. फोटोला नमस्कार झाल्यावर त्यातल्या एकीने कागद दाखवला. तुमचं नाव. मी नुसती मान हलवली. सव्वादहाच वाजले होते."

"सव्वादहा!" मिझुहोचा आवाज चढला. "आणि दारात मला म्हणालात, ह्यांचे मित्र!"

"कमळकाकडी सोलून झाली होती हो," किनुएबाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणि वन्सं येणार होत्या."

"आणि त्यांनी केंद्राला काय लिहिलंय ते ठाऊक आहे?" मिझुहो म्हणाली.

"काय लिहिलंय त्यांनी?"

मिझुहोने फोन समोर धरला आणि एकेक शब्द जपानीत करून, दात आवळून वाचला. "'सेन्सेई अद्भुत. एक शब्द न बोलता सगळं शिकवलं, घरच्या विधीतही आम्हाला आपलं मानलं. एकच तक्रार. मध्येच एक शेजारीण घुसली, तिने सूप ओतून दिलं आणि सगळ्यांवर ओरडत सुटली. सेन्सेई फार सभ्य, तिला काही बोलल्या नाहीत.'"

किनुएबाईंनी ते मन लावून ऐकलं, कप बशीत ठेवला.

"बोलणार कशी? मला इंग्रजी कुठं येतं," त्या म्हणाल्या. "पुढचा वर्ग कधी आहे?"

"गुरुवारी. दहाला."

"मग ह्या खेपेला वेळेवर या हं," किनुएबाई उठत म्हणाल्या. "अकरा म्हणजे फारच उशीर होतो."