मायारोगी सदूअण्णा दिवंगत जाहले त्याची हकिगत

श्रीधन्वंतरी प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी एके राज्यातील औषधशाळेत वर्तमान घडले ते ऐसे जे, आचार्या सरोजिनीबाईसाहेबांनी विद्यार्थ्यांचे हाती जिवंत माणूस देण्याआधी संगणकात मायारोगी उभे केले, आणि त्यांची वये, जुनी दुखणी, चालू औषधे, सर्व दफ्तर खऱ्या रुग्णालयासारखे पडद्यावर मांडिले, परंतु माणूस कोठेच नाही. आणि फर्माविले की, "चुकायचे ते येथे चुका, बाहेर चुकू नका." मग जोड्या लाविल्या, त्यात केतकी शेंडगे आणि वसुधा ढमढेरे एका पडद्यापुढे बसल्या. केतकीवर बाईसाहेबांची मर्जी बहुत, आणि राजरुग्णालयात उमेदवारीची जागा एकच, ती तिलाच मिळणार ऐसी बोलवा. तेणेकरून वसुधेचे पोटात निखारा. केतकी हसली तरी हिला सोसवेना, आणि बाईसाहेब "शाबास केतकी" म्हणाल्या की हिचा घास कडू होई.

ते दिवशी सदूअण्णा नामे मायारोगी आले, छातीत कफ दाटलेला, वैद्यांनी अमॉक्सिसिलिन लिहिलेले, आणि केतकीने घाईने ते मंजूर केले. वसुधेने मात्र जुन्या दुखण्यांत वाचिले होते की, अण्णांस पेनिसिलिनचे वावडे, आणि हे औषध त्याच कुळीचे. शब्द ओठांवर आला आणि तिने गिळिला. मग पडदा लाल जाहला, अण्णांचा श्वास कोंडला आणि अण्णा गेले. पोरे हसली. केतकी तोंड झाकोन रडू लागली.

"अगं, खोटा म्हातारा तो!" कोणी म्हणाले.

"आणि खरा असता तर?" केतकी हुंदके देत म्हणाली.

तेव्हा वसुधेस त्या आसवांचाही हेवा वाटला, की आपणांस हे रडू का येत नाही, आणि तो हेवा ऐसा डसला की ती उठोन म्हणाली, "बाईसाहेब, मी वावडे वाचले होते. ही चुकावी म्हणून बोलले नाही."

बाईसाहेबांनी उमेदवारीची जागा त्या साली रिकामी ठेविली. केतकी डोळे पुसोन वसुधेस म्हणाली, "उद्यापासून माझी चूक दिसली की मोठ्याने सांग. तुझ्याइतकी माझ्यावर नजर दुसऱ्या कोणाची आहे?" हा मोठेपणाही पुन्हा तिचाच, ऐसे मनी आणोन वसुधा अधिकच जळाली, आणि मग रोज केतकीची चूक हुडकोन भर वर्गात हर्षाने ओरडू लागली, आणि त्या जोडीचे हातून पुढे एकही रोगी दगावला नाही.

सारांश, मत्सर गेला नाही. बोलता मात्र जाहला, आणि तितक्यावर रोगी वाचले.