चव्वेचाळिसावा नट

"आपल्या पोरीचं, अश्विनीचं लगीन आलंय. माझं डोरलं मोडू अन तिला नवं करू. बाजारच्या दिशी नसरापूरला जाऊ," भाकरी उलटता उलटता ठकुबाईनं सांगून टाकलं, आणि कोंडिबाच्या घशात घास अडकला.

अडकणारच. ते डोरलं सोन्याचं नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी डोरल्याचे पैसे विहिरीच्या इंजिनात गेले आणि कोंडिबानं ऐन मांडवात पितळेचं, वर मुलामा दिलेलं डोरलं बायकोच्या गळ्यात बांधलं होतं. ज्या सोनारानं ते करून दिलं तो केव्हाच वारला होता. गुपित जाणणारा उरला होता एकटा कोंडिबा, आणि बाजाराला उरले होते चार दिवस.

चार दिवसांत सोनं कुठून आणायचं? विचार करता करता कोंडिबाला आजोबांची गोष्ट आठवली. गावामागच्या डोंगरात कुठंतरी परीस आहे. कुणा धनगराच्या शेळीच्या पायाला लोखंडी नाल होती, ती चरून परत आली तर नाल सोन्याची झालेली! लहानपणी त्याला ही गोष्ट फार आवडायची. आता पन्नाशीत ती त्याला पटलीसुद्धा.

शेळीच्या खुराला नाल ठोकायची कशी, हे काही आजोबांनी सांगितलं नव्हतं. म्हणून कोंडिबानं नट घेतले आणि सुतळीनं शेळ्यांच्या पायांत बांधले. अकरा शेळ्या, चव्वेचाळीस पाय. नांगराचे नट थोड्याच शेळ्यांना पुरले. मग पाण्याच्या मोटारीचे काढले, मग स्वतःच्या मोटारसायकलच्या स्टँडचा काढला, आणि शेवटी शेजारच्या बंडूच्या टेम्पोच्या फाळक्याचे चार हळूच सोडवले.

"शेळ्यांना पैंजण कशापायी?" ठकुबाईनं विचारलं.

"हरवल्या तर आवाज येतोय."

"चोवीस वर्सांत एक शेळी हरवली न्हाई."

"म्हणूनच. आता पाळी आली असंल."

सगळ्या शेळ्यांत चंद्री ठकुबाईची लाडकी. संध्याकाळी कारखान्यातून परतताना अश्विनीला ती रस्त्यातच भेटली. एका पायातला नट कुठंतरी पडला होता. आबा सकाळपासून नट मोजत होते, एक कमी दिसला तर घर डोक्यावर घेतील, हे पोरीला ठाऊक होतं. ती हायवेजवळच्या एका कारखान्यात नट-बोल्टांना पिवळा मुलामा द्यायच्या कामावर होती. पिशवीच्या तळाशी नापास मालातला एक नट सापडला. तिनं तो बांधून टाकला आणि विषय संपला, असं तिला वाटलं.

गोठ्यात बॅटरी घेऊन बसलेल्या कोंडिबानं चंद्रीचा पाय उचलला आणि तो तिथंच शेणात बसला.

"पिवळा! अश्विने, पिवळा झाला गं!"

"आबा, त्यो पिवळा हाय, कारण..."

"गप! कारण कुणाला सांगायचं नसतंय!"

"आवं, पण आमच्या कारखान्यात..."

"कारखान्यात तर अजिबात बोलू नगंस!"

तेवढ्यात बंडू तणतणत आत आला. चढावर त्याच्या टेम्पोचा फाळका निखळला होता आणि वीस क्रेट टोमॅटो गडगडत खाली गेले होते. "तात्या, माझं नट कुठं हायती?" असं तो ओरडणार होता, पण "माझं" एवढंच म्हणाला आणि त्याची नजर पिवळ्या नटावर पडली. पुढचं वाक्य त्यानं फार समजूतदारपणे बदललं.

"माझं सोनं."

"नट तुझा असंल, शेळी माझी हाय!"

"शेळी काय रिकाम्या पायानं सोनं देती व्हय?"

या भांडणाचा आवाज असा चढला की सकाळपर्यंत गुपित गावभर झालं. दुसऱ्या दिवशी गावातलं सुटं लोखंड जागेवर राहिलं नाही. गेनूनं रेड्याच्या गळ्यात नांगराचा फाळ अडकवला. साळूबाईनं कोंबडीच्या पायात कुलूप बांधलं, आणि कोंबडी दिवसभर एका जागी उभी राहून जगाकडं रागानं बघत होती. सारा डोंगर खणखणत होता, पण सोनं कुणाचंच झालं नाही. तेव्हा परिसाची जागा फक्त चंद्रीला ठाऊक आहे असं ठरलं आणि तिसऱ्या दिवशी अख्खा गाव श्वास रोखून तिच्या मागं निघाला. चंद्रीनं दोन ओढे ओलांडले, एक टेकडी चढली, सगळ्यांना घामाघूम केलं आणि नेऊन बंडूच्या टोमॅटोत उभं केलं. गावानं तिथंही दगड शोधले. बंडूच्या बागेत उभं राहिलं असं एक झाड उरलं नाही.

बाजारचा दिवस उजाडला. निघताना ठकुबाई चंद्रीला कुरवाळायला वाकली, तर चंद्रीनं तिच्या गळ्यातलं डोरलंच चाटलं. मग नवरा, बायको, मुलगी आणि नटाचा मालक बंडू असे चौघं दोरीनं फाळका बांधलेल्या टेम्पोतून नसरापूरला अमृतशेठ सोनाराच्या दुकानात पोचले.

कोंडिबानं आधी नट पुढं केला. हे सोनं निघालं की डोरलं मोडायची गरजच नाही, असा त्याचा हिशेब. अमृतशेठनी नट कसोटीवर घासला, कसोटीकडं पाहिलं, मग कोंडिबाकडं पाहिलं.

"लोखंड. वर मुलामा."

"तेच तर चार दिस सांगतीया!" अश्विनी कळवळून म्हणाली. "आमच्या कारखान्यातला हाय त्यो! चंद्रीचा नट पडला म्हणून म्या बांधला!"

बंडू मटकन खाली बसला. ठकुबाईनं मात्र शांतपणे डोरलं काढून पुढं ठेवलं. "हे बघा आता." कोंडिबा भिंतीकडं तोंड करून कॅलेंडरवरच्या एकादशा वाचू लागला. मागं दगडावर घासल्याचा आवाज आला.

"बावीस कॅरेट," अमृतशेठ म्हणाले. "एक नंबर माल."

कोंडिबा गर्रकन वळला. "चंद्रीनं चाटलं! सकाळीच चाटलं! तिच्या जिभेलाच परीस लागलाय! आवं, हे पितळंचं व्हतं! म्याच मांडवात पितळंचं बांधलं व्हतं!"

चोवीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघून गेलं होतं, आणि आता ते परत आत घेता येत नव्हतं.

"ठावं हाय," ठकुबाई म्हणाली. "पयल्याच उन्हाळ्यात गळा हिरवा झाला. मंग चंद्रीच्या पणजीची करडं इकून इकून खरं करून घेतलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"दर दसऱ्याला तुमी ह्या डोरल्याकडं बघून घाबरायचा, अन घाबरला की म्हैनाभर माझं ऐकायचा. उगं कशाला मोडता घालू?"

कोंडिबाचे डोळे भरून आले. "ठके, हे पोरीला गेलं की तुझ्या गळ्यात काय?"

"तेच. तुमचं पितळंचं. ट्रंकेत जपून ठिवलंय."

"आन की, आये," अश्विनी पिवळा नट पिशवीत टाकत म्हणाली, "मी त्याला मुलामा देऊन आणते. आता पुन्यांदा गळा हिरवा व्हायला नगं."

कोंडिबानं सवयीनं मान खाली घातली. बंडूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, महिनाभर वैनीचं ऐकायचंच हाय, तर आधी माझा फाळका बसवा."