शेवट सांगायचा नाही

मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावरची डीव्हीडींची कपाटं एका सकाळी उचलली गेली. त्या जागी एक टीव्ही, एक कॉम्प्युटर आणि भली मोठी पाटी आली: 'आता सिनेमा डाउनलोड करा!' कपाटांमागोमाग शेवटकाकाही जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं सिनेमे विकले, पण काकांच्या पोटात काही राहायचं नाही. "न्याच हा! ती आंधळी नसतेच हो शेवटी!" असं सांगून ते मोकळे व्हायचे आणि गिऱ्हाईक डीव्हीडी परत ठेवून मोकळं व्हायचं.

"काका, आज डाउनलोड खपले तर काउंटर तुमचा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "नाहीतर उद्यापासून तळघरात, बादल्या आणि झाडू. आणि शेवट सांगायचा नाही!"

"नाही सांगत, साहेब. बादल्यांपाशी मला करमायचं नाही हो."

गर्दी जमली. काकांनी एक खुनाचा सिनेमा निवडून बटण दाबलं. पडद्यावरची निळी रेघ थोडी पुढे सरकली आणि बसली ती बसलीच. साहेबांनी थाटमाट म्हणून मजल्यावरच्या सगळ्या टीव्हींवर इंटरनेटवरून सिनेमे लावून ठेवले होते, मग रेघेच्या वाट्याला काय उरणार? पण साहेबांना सांगणार कोण?

"अहो, हे कधी व्हायचं?" पुढे उभ्या आजी म्हणाल्या. "डीव्हीडी असती तर एव्हाना मध्यंतर झालं असतं."

लोक पांगू लागले. काकांच्या डोळ्यांसमोर बादल्या नाचल्या.

"होईल हो आजी! तोवर गोष्ट ऐका ना. एक म्हातारा शेठ असतो. सकाळी बघतात तर मेलेला, आणि दाराला आतून कडी!"

पांगलेले परत फिरले. काकांनी ड्रायव्हर आणला, वकील आणला, दुसरी बायको आणली, चाकांच्या खुर्चीतला भाऊ आणला. सगळ्यांचे आवाज त्यांनी स्वतःच काढले. बायकोचं रडणं तर इतकं झकास झालं, की बिलं करणारी मुलगी गल्ला बंद करून आली. ओरडायला आलेले साहेब सोफ्याच्या काठावर टेकले आणि तिथेच राहिले.

"इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं," काका कुजबुजले. "म्हणाला, खुनी याच खोलीत आहे! आणि त्याने बोट दाखवलं..."

इथे काकांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. रेघ अजून अर्ध्यावरच होती.

"कोणाकडे?" सगळा मजला ओरडला.

"पुढचं डाउनलोडमध्ये. घरी लवकर होतं, तिथे साहेबांचे इतके टीव्ही नसतात."

"बाबा, माझ्या वयाचा तरी विचार कर!" आजी कळवळल्या.

काकांचे कान लाल झाले, कपाळाला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पोटात काहीतरी राहिलं होतं आणि ते भारी दुखत होतं. पण रांग लागली. आजी पहिल्या.

साहेब हळूच काउंटरच्या आतल्या बाजूने आले. "काका, मला तरी सांगा. मी साहेब आहे तुमचा."

"तुम्हीच नको म्हणालात ना, साहेब?"

साहेब निमूटपणे रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बाकी सगळे सिनेमा डाउनलोड करायचा कोड घेऊन घरी पळाले होते. साहेबांनी पैसे भरले, फोनवर कोड आला. "काउंटर तुमचा," ते म्हणाले.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुढे वाकून साहेबांच्या कानाशी तोंड नेलं.

"चाकांच्या खुर्चीतला भाऊ. चालता येतं हो त्याला!"

आणि काकांनी समाधानाने सुस्कारा सोडला.