लाल पानांचा डोस

शिक्रापूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सत्यजीतने काचेची चार फुटी टाकी ठेवली होती. तीत मासे सोळाच, बाकी नुसती पाण्यातली झाडं. चुलतभावाचं लग्न, मग गोंधळ, मग देवदर्शन असे आठ दिवस कासुर्डीला जाताना त्याने ती टाकी सासऱ्यांच्या हवाली केली. सासरे म्हणजे न्हावऱ्याचे सर्जेराव. उसाचं पान बोटात धरून त्याला काय कमी पडलंय ते सांगणारा माणूस. गावोगावचे शेतकरी पिशवीत पानं घालून त्यांच्याकडे येत. जावई कंपनीतला. त्याने निघताना एवढंच बजावलं, की रोज माशांना चिमूटभर खाद्य घालायचं, झाडांना बाटलीतल्या लोहाचे दोन थेंब द्यायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही.

लेक मोनाली दारात मागे रेंगाळली. "आप्पा, वर्षभर जीव लावलाय त्यांनी ह्याला," ती हळूच म्हणाली. "ते नको म्हनत हुते. मीच म्हनलं, आमचं आप्पा सांभाळत्यात."

दुपारी सर्जेराव चष्मा लावून टाकीपुढे बसले. शेंड्याची पानं तांबूस पडली होती. त्यांच्या चाळीस वर्षांच्या शेतीत तांबूस पान म्हणजे उपाशी पीक. जावई बिचारा भरल्या घरात झाडं उपाशी मारत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. पोरीच्या संसारात आपण बोलायचं नाही, पण डोळ्यांदेखत पीक मरू द्यायचं का? संध्याकाळी ते खताच्या दुकानात गेले, कागदात थोडा युरिया मागून आणला आणि एक मूठ पाण्यात सोडली.

चौथ्या दिवशी झाडं अशी हिरवीगार झाली, की सर्जेरावांना स्वतःचाच अभिमान वाटला. तेवढ्यात जावयाचा फोन आला. पानांची लाली वाढली का, असं तो विचारत होता.

"लाली कशाला पायजे?" सर्जेरावांनी जपून विचारलं.

"मामा, त्याच्यासाठीच तर समदं चाललंय. नायट्रोजन बंद ठेवलाय मी. उपाशी राहिल्याबिगर ह्या झाडांना रंग चढत न्हाई. रविवारी आमच्या टाकीवाल्यांच्या ग्रुपची मानसं बघायला येनार हायेत."

सर्जेराव बरं म्हणाले आणि खाली बसले. जन्मभर लाल पानं हिरवी केली, ती बिनबोभाट झाली. आता हिरवं पान लाल कसं करायचं, हे विचारायला जगात कुणी नव्हतं. हाताशी होती ती लोहाची बाटली. दोन थेंबांनी थोडी लाली येत असेल, तर अर्ध्या बाटलीने बरीच यावी, असा त्यांनी हिशेब केला.

पाणी चहासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्यांनी मासे बादलीत काढले, तरी दोन गेलेच. आणि त्याच वेळी मोनालीने टाकी दाखवा म्हणून व्हिडिओ कॉल लावला. त्या तांबड्या पाण्यातून सगळी झाडं तांब्याच्या भांड्यासारखी लखलखत होती. जावई लग्नातल्या पाहुण्यांना फोन दाखवत सुटला, फोटो ग्रुपवर गेला, आणि रविवारी येणारी आठ माणसं वीस झाली. ग्रुपच्या प्रमुख अनुपमा मॅडम खास दौंडहून निघणार होत्या.

बादलीतले मासे तिथे किती दिवस राहणार? सर्जेरावांनी दीड दिवस बादल्या वाहून टाकीतलं पाणी बदललं. इमारतीची टाकी रिकामी झाली, तेव्हा शेजारच्या धुरपदाबाई, घरात लगीन हाय का, असं विचारून गेल्या. पाणी नितळ झालं आणि आत झाडं दिसली, मेथीच्या जुडीसारखी हिरवी.

रविवारी साडेनऊला लेक-जावई आले, दहाला ग्रुप आला. सर्जेरावांनी दारातच सगळं सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही, हेच त्यांना सोसलं नाही. झाडं तजेलदार आहेत, असं अनुपमा मॅडम सभ्यपणे म्हणाल्या. वीस माणसांनी खाली मान घालून पोहे खाल्ले. जावयाने एसटीत बसवून देताना फक्त, "मामा, सावकाश जावा," म्हटलं.

न्हावऱ्यात सर्जेरावांनी पानं बघणं सोडलं. कुणी पिशवी घेऊन आलं, की म्हणत, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई." जेवणावरची वासना गेली. बायकोने, सोजराबाईंनी, त्यांची दृष्टसुद्धा काढली.

महिन्याने जावयाचा फोन आला. झाडं लालभडक झाली होती, वर्षभरात झाली नव्हती एवढी. आधी पोटभर खाऊन दांडगी झाली आणि मग उपास घडला, म्हणून रंग चढला, असं अनुपमा मॅडमचं म्हणणं होतं. त्यांनी दौंडला सभा ठेवली होती. पन्नास माणसं येणार होती आणि बोलायचं सर्जेरावांनीच होतं.

"युरिया किती ग्रॅम घातला हुता, मामा? तेवढंच समदे इचारत्यात."

"मूठ," सर्जेराव म्हणाले.

"मुठीचं ग्रॅम करून आना मग."

सर्जेरावांनी शेजारच्या दुकानातून काटा आणला आणि ओसरीवर बसून युरियाच्या मुठी भरू लागले. पहिली एकतीस ग्रॅम भरली, दुसरी चव्वेचाळीस, तिसरी अडतीस. सोजराबाई बराच वेळ बघत होत्या.

"आवो, त्या दिशी मूठ गच भरली हुती का सैल?"

सर्जेरावांनी हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"जावयाच्या घरात मानूस जेवढा आखडून वागतो, तेवढी," ते म्हणाले आणि त्यांनी चौथी मूठ भरली.