बालाजीचा कोमल निळा

येडशीत आमच्या शेजारच्या घरातून सकाळी बाजाच्या पेटीचा सूर आला, की समजावं, बालाजी कुणाच्या तरी वेबसाइटचा रंग ठरवतोय. पेटीची एक पट्टी दाबून धरायची, कॉम्प्युटरच्या पडद्याकडं डोळे बारीक करून बघायचं आणि मान हलवायची.

"न्हाय सर, हा निळा लई चढलाय. कोमल पाहिजे."

मी शाळेत भूगोल शिकवतो. निळा म्हणजे समुद्र, एवढंच मला ठाऊक. तरी मी "व्हय, जरा चढलाय," म्हणतो. नाही म्हटलं तर तो पुन्हा पहिल्यापासून वाजवून दाखवतो.

वाचनाचंही तसंच. छापलेलं काहीही त्याला सुटत नाही. स्टेशनाबाहेर भजी घेतली, की आधी खालचा कागद वाचणार, मग भजी खाणार. तोवर ती गार. बातमी मधेच फाटलेली असली, तर पुढची स्वतः रचून मला सांगणार, आणि ती खऱ्या बातमीपेक्षा बरी असते.

बोलायला तर त्याला निमित्त लागत नाही. एकदा मीच त्याला शाळेत संगणकावर बोलायला बोलावलं. गडी एसटीच्या खिडकीतून काय काय दिसतं यावरच बोलत राहिला. पोरं खूश, हेडमास्तर घामाघूम. संगणक आठवला तो आभार मानून झाल्यावर.

आणि गिऱ्हाइकाचं गाव बघितल्याबिगर तो कामाला हात लावत नाही. कुणी म्हणालं, "फोटो पाठवतो की," तर म्हणतो, "फोटोत वारं येत न्हाय."

परवाच्या रविवारी मला घेऊन तो माकणीला गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या अण्णांना त्यांच्या रोपवाटिकेची वेबसाइट करायची होती. बालाजीनं वांग्याची, मिरचीची रोपं बघितली, माती बोटांत चोळली, आणि रंगावर असा काही बोलत सुटला की अण्णांना हूं म्हणायलाही जागा मिळेना.

शेवटी चहा आला, तेव्हा अण्णा दबकत म्हणाले, "आमची मंडळी रोपं लावताना गायची. तिचं गाणं घालता येईल का त्यात?"

"येतंय की. द्या, कशात हाय?"

"कशातच न्हाय. कोण भरून ठिवतंय?"

बालाजी गप्प झाला. एवढ्या वर्षांत मी त्याला असा गप्प बघितला नव्हता. मग त्यानं खिशातला मोबाइल काढून अण्णांपुढं ठेवला.

"तुम्ही म्हणा. ती म्हणायची तसं."

"मला कुठं येतंय रं?"

"येतंय तेवढं म्हणा, अण्णा."

अण्णांनी ओवी धरली. आवाज फाटत होता, मधेच शब्द हरवत होता, पण हात नकळत रोप लावल्यासारखे हलत होते. ओवी संपली तरी बालाजीनं लगेच मोबाइल उचलला नाही.

"हे कोण ऐकणार बाबा?" अण्णांनी विचारलं.

"मी ऐकतो की," तो म्हणाला.

परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "सर, माझ्या मोबाइलात सगळ्यांचे आवाज हायत. भजनाचे, बाजारातले, तुमचे सुदिक. आईचा तेवढा न्हाय."

त्याची आई गेली तेव्हापासून तो घरात एकटाच आहे. मी म्हटलं, "मोबाइल तर तुझ्या हातात असायचा."

"असायचा. पण ती बोलाय लागली की मीच मधे बोलायचो."

मी विचारलं, "आई कशा बोलायच्या रे?"

त्यानं घसा साफ केला. दोनदा सुरुवात करून थांबला. मग बारीक, थकलेल्या, पण लाडाच्या आवाजात म्हणाला, "आरं बाळा, माझं ऐक की जरा."

आणि तसाच मान खाली घालून, कान देऊन बसून राहिला.