नातीचं नाव आणि माझी नोंदवही

ई-मेल करायचा, फोन करायचा नाही, हा निर्णय माझा. आमच्या घरातले बाकीचे निर्णय वैजयंता घेते, त्यामुळे हा एक माझ्या वाट्याला कसा आला, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा ती तेव्हा गॅसवरचं दूध बघायला गेली असावी.

गोष्ट नव्व्याण्णव सालच्या मार्चमधली. आमची मुलगी क्षितिजा न्यू जर्सीत बाळंत झाली. मुलगी झाली. रविवारी सकाळी तिचा फोन आला, तो असा : "बाबा, इथे जन्माच्या दाखल्यावर नाव शनिवारच्या आत द्यायचंय. आईला विचारा आणि मला ई-मेल करा. नाहीतर निहारच्या आईंनी अंबिका सांगितलंय, ते लिहून मोकळी होते."

आपल्याकडे नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पण आमच्या जावयाला, निहारला, बहीणच नाही. त्यामुळे ती जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोन आज्या उभ्या होत्या.

"सुगंधा," वैजयंता म्हणाली. "माझ्या आईचं नाव. तिच्यामागे कुणीतरी ते नाव चालवलंच पाहिजे. आपल्या फोनवरून परदेशी लागत नाही. मी खाली हंसाबेनच्या टेलिफोन बूथवर जाते, दोन मिनिटांत सांगून येते."

"बूथवर कशाला? हा कॉम्प्युटर काय शोभेला घेतलाय?"

(तोवर तो शोभेलाच होता. त्याच्यावर वैजयंतानं विणलेला रुमाल होता आणि रुमालावर काचेचं बदक.)

"तुम्हाला जमेल?"

हा प्रश्न मला लग्नापासून विचारला जातोय आणि त्याचं खात्रीचं उत्तर मी एकदाही देऊ शकलेलो नाही. वास्तविक मी चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे. माझी पीएच.डी. नमुना-पाहणीतल्या चुकांवर आहे. म्हणजे चुका या विषयात माझ्याइतका अधिकारी माणूस भाईंदर पश्चिमेत दुसरा नसावा. (असेलही. मी पाहणी केलेली नाही.)

सोमवारी दुपारी पावणेचारला मी बदक उचललं, रुमालाची घडी केली आणि पहिलं पत्र लिहिलं : "चि. क्षितिजा, आईच्या इच्छेनुसार बाळाचं नाव सुगंधा ठेवावं." मग 'पाठवा आणि घ्या' असं बटण होतं, ते दाबलं. मोडेमनं शिट्ट्या मारल्या, घसा खाकरला आणि पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. दहा-बारा मिनिटं ती सरकत होती. मग इंग्रजीत एक चौकट आली. तिचा अर्थ : सर्व्हरशी असलेला संपर्क अनपेक्षितपणे तुटला आहे.

'अनपेक्षितपणे' हा शब्द मला खटकला. मला तर पहिल्यापासून तेच अपेक्षित होतं.

मी लगेच 'जाणारी पत्रं' नावाचा कप्पा उघडला. रिकामा! म्हणजे पत्र इथेही नाही, आणि पोचल्याची पावतीही नाही. आयुष्य पोस्टाच्या भरवशावर काढलेल्या माणसानं यावरून काय समजायचं? पत्र वाटेत गहाळ झालं. मी ते पुन्हा लिहिलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पट्टी, पुन्हा चौकट.

मंगळवारी मी इंटरनेटवाल्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"सर, स्क्रीन पे क्या एरर दिख रहा है?"

"अभी तो कुछ नहीं दिख रहा."

"तो कनेक्ट करके देखिए ना."

"कनेक्ट कैसे करूँ? फोन पे तो आप हैं."

"तो फोन रख दीजिए, सर."

"फिर एरर किसको बताऊँ?"

मग पलीकडच्या बाईंनी मला मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. ते मी केलं. वैजयंतानं मिक्सरही बंद करून चालू केला. (तो तिच्या चटणीचा भाग होता, पण मला आधार वाटला.)

शेवटी मी माझ्या शास्त्राकडे वळलो. दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि सोमवारपासूनच्या नोंदी आठवून भरल्या. वेळ. खाडीची भरती की ओहोटी. (आमच्याकडे मिठागरांवरून खारं वारं येतं, ते तारांना बाधत असावं असा माझा संशय होता.) मिक्सर चालू की बंद. लाइनची तपासणी. संपर्क तुटल्याची वेळ. आणि शेरा.

यातल्या 'लाइनची तपासणी'बद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही दादर सोडून इथे राहायला आलो, तेव्हा अर्ज केल्यापासून फोन यायला साडेसहा वर्षं लागली. आला तो नाजूक प्रकृतीचा. शेजारच्या मोरवा गावाकडे कुणी रस्ता खणला की तो आठ-आठ दिवस मुका. त्यामुळे आजारी माणसाच्या कपाळाला अधूनमधून हात लावावा, तसा मी दर दहा-पंधरा मिनिटांनी बेडरूममधल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावतो. टोन ऐकू आला की जिवात जीव येतो. ही सवय आता सात वर्षांची आहे. ई-मेलसारखं महत्त्वाचं काम चालू असताना तर लाइनवर लक्ष ठेवणं अधिकच गरजेचं. आणि काय सांगू, नेमक्या त्याच वेळी टोन गायब! वहीत प्रत्येक वेळची नोंद आहे : "टोन नाही. किरकिर, शिट्टी, घशात काही अडकल्यासारखा आवाज. लाइन खराब." धावत हॉलमध्ये यावं, तर पडद्यावर चौकट हजर.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रार नोंदवली. सोबत वहीतल्या तीन पानांची झेरॉक्स जोडली.

तोवर पत्रं लिहिणं चालूच होतं. तुम्हाला म्हणून सांगतो, आपलं पत्र कुणाला पोचणारच नाही अशी खात्री झाली की माणूस फार खरं लिहू लागतो. तिसऱ्या पत्रात मी फक्त एवढंच म्हटलं की सुगंधा हे नाव अमेरिकन जिभेला जड जाईल. चौथ्यात 'पुनर्विचार' असा शब्द आला. पाचवं पत्र मंगळवारी संध्याकाळचं. त्यात मी लिहिलं : "सुगंधा या नावाच्या बाईंशी माझा अठ्ठावीस वर्षं संबंध आला. त्या हयात असेपर्यंत मी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसलो नाही. नावाचा स्वभावावर परिणाम होतो असं मी मानत नाही, पण लहान मुलावर प्रयोग कशाला?" सहावं बुधवारी सकाळचं : "अंबिका काय वाईट आहे? निहारच्या आई मला नेहमीच समंजस वाटल्या आहेत. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस." सातव्या पत्रात मला सहाव्याची लाज वाटली आणि मी पुन्हा सुगंधावर आलो. आठव्यात सातव्याबद्दल शंका व्यक्त केली.

"गेलं का हो पत्र?" वैजयंता मधूनमधून विचारी.

"नाही ना जात!"

"जात असेल," ती म्हणे. "तुम्ही लिहीत राहा."

तिच्या या शांतपणानं मला भरून येत असे. गुरुवारी सकाळपासून मात्र घरात एक फरक जाणवला. चहात साखर नव्हती. दुपारीही नव्हती. विचारण्याचं धाडस झालं नाही, पण शास्त्रज्ञानं कुठलीच गोष्ट नोंदीबाहेर ठेवू नये, म्हणून वहीत शेरा लिहिला : "चहा बिनसाखरेचा. कारण अज्ञात."

शुक्रवारी दुपारपर्यंत अकरा पत्रं आणि अकरा चौकटी झाल्या. भरतीशी संबंध नगण्य, मिक्सरशी त्याहून नगण्य. दुसऱ्या दिवशी दाखल्यावर अंबिका लागणार, आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार. अशा वेळी दारात लाइनमन उभा राहिला. बाबाजी, उत्तनचा. घरी होडी, नोकरी टेलिफोनची. त्यानं खांबापासून डबीपर्यंत सगळं तपासलं.

"सायब, लायन एकदम साफ हाय."

"पण टोन येत नाही!"

"कवा येत न्हाय?"

"ई-मेल चालू असताना."

बाबाजीनं कानामागची पेन्सिल काढली आणि परत तिथेच ठेवली. "मंग तवा फोन उचलता कशाला?"

"लाइन चालू आहे का बघायला."

"आन् उचलल्यावर काय होतं?"

"बंद पडते."

वाक्य तोंडातून निघून गेलं. ते माझंच होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

वैजयंतानं माझ्या हातातली वही घेतली. "सोमवार. चार बारा, लाइनची तपासणी. चार बारा, संपर्क तुटला. मंगळवार. अकरा वीस, लाइनची तपासणी. अकरा वीस..." तिनं वर पाहिलं. "या दोन रकान्यांचं गणित नाही केलंत?"

"तपासणी हा उपाय होता," मी म्हणालो. "उपायाचं गणित कोण करतं?"

"भरतीचं केलं व्हतं सायबांनी," बाबाजी माझ्या बाजूनं म्हणाला.

मग मला खुर्चीत बसवण्यात आलं. हात मांडीवर. बाबाजी बेडरूमच्या दारात उभा राहिला. वैजयंतानं बटण दाबलं. पट्टी सरकू लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, माझे पाय आपोआप उठू पाहत होते. विसाव्या मिनिटाला निहारनं रविवारी पाठवलेला फोटो उतरला. दोन इवलीशी पावलं. हेच धूड इतके दिवस आमच्याकडे येताना वाटेत अडकत होतं. त्यामागून क्षितिजाचं गुरुवारचं पत्र आलं. निहारचा आणखी एक फोटो यायचा होता. त्याचं नाव दिसत होतं : 'चेहरा'.

पत्र वैजयंतानं वाचलं. मोठ्यानं. माझा चष्मा लावून.

"प्रिय बाबा, तुमची आतापर्यंत नऊ पत्रं मिळाली. प्रत्येक वेळी ती लगेच पोचतात, तरी तुम्ही का चिडता कळत नाही. आईनं सोमवारी संध्याकाळीच बूथवरून फोन केला होता, त्यामुळे दाखल्यावर सुगंधा लागलं. काल तिचा पुन्हा फोन आला. बाबा दिवसभर काय लिहितात असं विचारत होती, म्हणून तिला पाचवं आणि सहावं वाचून दाखवलं. सहावं निहारच्या आईंनाही फार आवडलं. त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली आहे."

म्हणजे माझी पत्रं पहिल्या मिनिटातच जात होती, तुटत होतं ते येणारं. आणि काल म्हणजे बुधवार. साखर बंद झाली गुरुवारी. आठवडाभरातला हा एकमेव संबंध मला कागद-पेन्सिलीशिवाय सापडला.

"तू सोमवारीच फोन केलास?" मी क्षीण आवाजात विचारलं. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कामात होता," वैजयंता म्हणाली. तिची नजर पट्टीवर होती. "आता गप्प बसा. नातीचं तोंड येतंय."

पडद्यावर आधी कपाळ उतरलं, मग भुवया. भुवया थेट सासूबाईंच्या. मी खुर्चीत ताठ झालो.

इतक्यात बाबाजीनं एक कागद पुढे केला. "सायब, तक्रार मिटली म्हनून हितं सही करा."

कागदावर छापलं होतं : 'दुरुस्तीनंतर लाइन व्यवस्थित चालू असल्याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.'

आता मी आयुष्यात कधीही खात्री केल्याशिवाय सही केलेली नाही. दोनदा वाचून मी उठलो, बाबाजीला बाजूला करून बेडरूममध्ये गेलो आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला.

टोन नव्हता. किरकिर, शिट्टी, आणि हॉलमधून वैजयंताची हाक. नात नाकापर्यंत आली होती.

संध्याकाळी वहीत बारावी नोंद केली. खाडी : ओहोटी. मिक्सर : बंद. लाइनची तपासणी : केली. शेरा : आज चहाच नाही.